लिलाववाल्याचा आवाज

गल्लीत तिला सगळे ‘वायरवाली वहिनी’ म्हणत. दारावरच्या घंटा आणि इंटरकॉम बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात ती सर्किटं आखायची. नवरा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. घरात तो हळू बोलला तरी शेजारी ‘काय झालं?’ म्हणून दारात येत.

घशाच्या ऑपरेशननंतर तो आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. गडी भिंतीकडे तोंड करून बसू लागला. बहिणीचा फोन आला की फोनवरच मान हलवायचा.

वहिनीनं मनावर घेतलं. नखाएवढी अ‍ॅम्प्लिफायरची चिप, गळ्यापाशी माइक, कमरेला पुढं स्पीकरची डबी. होईल तितका मोठा आवाज हवा, म्हणून तिनं चिपच्या दोन पायांमध्ये एक कपॅसिटर जोडला. त्यानं आवाज दसपट वाढतो. नवऱ्यानं तोंड उघडलं मात्र, डबीनं अशी शिट्टी ठोकली की सासूबाईंच्या हातातला पेलाच निसटला.

“राहू दे,” तो कुजबुजला. “माझ्यापेक्षा ही डबीच जास्त बोलतेय.”

ती हट्टाला पेटली. तारा बदलल्या, जोडण्या पुन्हा केल्या; शिट्टी हटेना. कारखान्यात डबा खाताना एकदम डोक्यात आलं: स्पीकरचा आवाज परत माइकात शिरतोय, आणि आपण तो वाढवतच सुटलोय! घरी येऊन तिनं तो कपॅसिटर उपटून टाकला. माइक ओठांशी आणला, स्पीकर पाठीवर सरकवला.

“अहो, बोला आता.”

“काय बोलू?”

आवाज त्याच्या पाठीमागून आला. त्याच्यामागे कोण उभं आहे, म्हणून सासूबाईंनी दचकून पाहिलं.

बाजारात मात्र फजिती झाली. जुन्या वेगानं पुकारायला गेला, तर शब्दांचा नुसता चिखल. व्यापारी हसले. घरी येऊन त्यानं डबी आदळली.

“घाईतली कुजबुज चिप नुसती मोठी करते, स्पष्ट नाही,” ती म्हणाली. “सावकाश बोला.”

दुसऱ्या दिवशी तो सावकाश बोलला. ऐकायचं तर व्यापाऱ्यांना गप्प बसावं लागलं. कुरकुरले, पण बसले. लिलाव लांबला, तरी पार पडला.

त्याचा जुना खर्ज मात्र तिला आणता आला नाही. स्पीकर बदलून पाहिले. आवाज पत्र्याचा तो पत्र्याचाच. त्याचं तिला फार वाईट वाटलं. पण एका सकाळी पाणी कुणी भरायचं यावरून दोघं कडाकडा भांडली, आणि सासूबाई दारात आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, “चला, घर ताळ्यावर आलं.”