खिडकीकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या

माझा मित्र बाळासाहेब, त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी. चाकणच्या एका कारखान्यात मी परफॉर्मन्स कोच म्हणून जात होतो. तिथल्या तपासणी विभागातल्या वैशालीची शिफ्ट इन्चार्जच्या जागेसाठी तयारी करून घेणं हे माझं काम. (नाव बदललं आहे, आणि हे लिहायला तिनं होकार दिला आहे. तो मी आधी मागितला.) एकदा सेशन संपल्यावर कॅन्टीनमध्ये चहा घेताना ती म्हणाली, "सर, सासूबाई अंथरुणावर आहेत. कधीकधी वाटतं, सोडून द्यावं सगळं." दमलेलं माणूस बोलतं तसं ती बोलली होती. पुढच्या आढावा बैठकीत मी ते तिच्या मॅनेजरला सांगून टाकलं. तिचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. मला किती आतलं कळतं, हे दाखवायची हौस होती, बस. ती जागा दुसऱ्याला मिळाली आणि वैशालीनं काही महिन्यांत कंपनी सोडली. तिची माफी मागायची असं मी वर्षानुवर्षं ठरवत राहिलो... मागितली नाही. कुणाला सांगितलंही नाही, बाळासाहेबलाही नाही.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकण चौकात ट्रेलरच्या रांगेत अडकलो होतो. "भावजी, या लवकर," एवढंच त्याची बायको, कुंदावहिनी, म्हणाल्या आणि मागून रडण्याचा आवाज आला. सकाळी चहा प्यायला, वरच्या खोलीत जाऊन बसला आणि बसल्या जागीच हृदय थांबलं. आता दीडेक महिना होईल.

नाव बाळासाहेब असलं तरी आमचं अरेतुरे. तो मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला. माझे वडील आकुर्डीच्या कारखान्यात फिटर. एकाच कंपनीच्या ट्रेनिंग विभागात आम्ही शेजारच्या टेबलांवर बसायचो. वाकडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी कोचिंगचा कोर्स केला तोही एकत्रच, त्याच्या मोटारसायकलवरून जाऊन. नोकरी सोडली तीसुद्धा मागेपुढे. वाटा मात्र वेगळ्या झाल्या. मी कंपन्यांच्या दाराशी गेलो, तो घराच्या माडीवर बसला. "मी लाइफ कोच झालोय," असं त्यानं सांगितल्यावर त्याच्या आत्यानं विचारलं होतं, "म्हंजी कबड्डी शिकवतू का रं?" तो म्हणाला, "न्हाई गं आत्ते. पण दम कुठं लागतो, तेवढं इचारतो." आत्याला पटलं असावं. पुढे तिनंच दोन सुनांना त्याच्याकडे धाडलं.

आजही मुलं मला विचारतात, लाइफ कोच की परफॉर्मन्स कोच, कुठलं करिअर बरं? पूर्वी मी छाती काढून सांगायचो की परफॉर्मन्स कोचला निकाल दाखवावा लागतो. ते खोटं नाही. कंपनी बोलावते, कंपनी ठरवते की अमक्याला सहा महिन्यांत टीम सांभाळता आली पाहिजे, तपासणीत नापास होणाऱ्या मालाचं रिजेक्शन कमी झालं पाहिजे. समोर बसलेला माणूस एक आणि आपल्याला नेमणारा दुसराच, या दोघांमध्ये आपण उभे. ध्येय गाठलं की काम संपतं, पुढच्या कंपनीच्या गेटवर जायचं. यात मजा आहे. मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा सुपरवायझर भरल्या सभेत उभा राहून नाही म्हणायला शिकतो, तेव्हा मला अजूनही आनंद होतो. बाळासाहेबकडे माणूस आपल्या पायांनी यायचं, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊन. काय हवंय ते बहुतेकांना माहीतच नसायचं. तेच शोधायला दोन-चार महिने जायचे. कुणाला आढावा द्यायचा नाही, आणि कधी संपलं हेही त्या माणसानंच ठरवायचं. सुरुवातीला कित्येक आठवडे माडीवर कुणी फिरकत नसे. तो खाली येऊन वहिनींना लसूण सोलून द्यायचा आणि खुशीत असायचा.

त्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, शेजारीशेजारी, दोन्हींचं तोंड खिडकीकडे. बाहेर पूर्वी त्यांचा कांदा असायचा. आता इमारती आहेत आणि मधे ज्वारीचा एक तुकडा उरलाय. मी गेलो की सवयीनं खुर्ची त्याच्याकडे वळवायचो आणि तो ओरडायचा, "फिरव ती आधी. समोरासमोर बसलं की मानूस उत्तरं देतो, राव. मला उत्तरं नकोत."

"मग काय हवंय? गप्पांचं दुकान नुसतं!"

"असू दे. तुझं मोजमापाचं, माझं गप्पांचं. गिऱ्हाईक दोघांकडंबी हाय."

आणि खरंच तो माझ्याकडे माणसं पाठवायचा. एकदा एका पोराला घेऊन आला आणि त्याच्यादेखतच म्हणाला, "ह्याच्या आयुष्याचं झ्याक चाललंय. नुसता इंटरव्ह्यूला घाबरतो. माझं काय काम न्हाई हितं, तू घे." आपलं काम कुठं संपतं हे त्याला माहीत होतं. ते मला कळायला तो जावा लागला.

एकदा ज्वारीकडे बघत त्यानं अचानक विचारलं होतं, "भावा, साहेबाला काय सांगनार आन् काय न्हाई, हे तू पहिल्या दिवशी त्या मानसासमोरच ठरवतोस का?" "ठरलेलंच असतं सगळं," मी म्हणालो. त्यानं वहिनींना चहा टाकायला सांगितला. त्यानंतर मात्र मी ते प्रत्येक नव्या माणसासमोर ठरवू लागलो, कुणी शिकवलं हे कबूल न करता.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर खूप माणसं होती. आम्ही मित्र एकमेकांना विचारत होतो, ही सगळी माणसं कोण? त्यांतली बरीच माडीवर येऊन गेलेली असणार, पण तसं कुणी कुणाला सांगत नव्हतं. गर्दीतून एक बाई पुढे आली. "सर, ओळखलं का?" वैशाली. आता दुसऱ्या कंपनीत शिफ्ट बघते, असं तिनं हसून सांगितलं. कंपनी सोडल्यावर वर्षभर ती बाळासाहेबकडे येत होती.

मी चाचरत विचारलं, "मग... माझ्याबद्दल काही..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नावासकट."

म्हणजे त्याला माहीत होतं. एवढी वर्षं त्यानं माझ्यासोबत भाकरी खाल्ली, माझे टोमणे ऐकले, हसला... तिचं बोलणं तिचं होतं, म्हणून त्यानं ते जिवलग मित्रालाही सांगितलं नाही. तो विचारू शकत होता फक्त ज्वारीकडे बघत विचारलेला तो एक प्रश्न, आणि मी तो उडवून लावला. घाटावर माफी राहिलीच, मी तिचा नंबर तेवढा घेतला. पण त्या रात्री आश्चर्य म्हणजे मला शांत झोप लागली. आपल्याला पुरतं ओळखून कुणी आपल्यावर माया केली होती, याचं एक समाधान असतं.

गेल्या रविवारी वैशालीला फोन केला आणि विचारलं, मोशीला त्या खोलीवर याल का? ती आली. वहिनींनी खोली झाडून ठेवली होती. खुर्च्या तशाच, खिडकीकडे. माझा हात सवयीनं खुर्चीच्या पाठीवर गेला, मग मी तो मागे घेतला. आम्ही शेजारी बसलो. ज्वारीचा तुकडा कापून झाला होता. तीच आधी म्हणाली, "सर, आजचा आढावा कुणाला देणार?"

आम्ही दोघंही हसलो.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. घरून जुळवून आणलेली सगळी कारणं मनातच ठेवली आणि बाहेर बघत बोललो, "तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी तुम्हाला न विचारता तुमच्या साहेबांना सांगितलं. स्वतः हुशार दिसावं म्हणून. त्यात तुमची जागा गेली. चूक माझी होती, वैशाली. मला माफ करा."