बाहेरचं खातं

माय बोलेनाशी झाली त्या दिवसांत गावावर सतत दुपारच असायची, असं मला आठवतं. वेचणी चाललेली. कापसाचे तंतू तरंगत ओट्यावर यायचे, मायच्या केसांत बसायचे आणि ती ते झटकायचीसुद्धा नाही. डोळे सोनगीरच्या किल्ल्याकडे लागलेले. "किल्ला माले बलावस," एवढंच कधीतरी म्हणायची, इतक्या हळू की मलाही क्षणभर हाक ऐकू आल्यासारखी वाटायची.

ही तीच माय, जी किराण्याच्या पुडीचा कागद वाचून काढल्याशिवाय चुलीत टाकत नसे. चौथीपर्यंतच शिकलेली, पण वाचनाची भूक मोठी. आता कागद न वाचताच जळत होते. जेवण दोन घासांवर आलं होतं. ती अशीच विरत जाईल आणि एक दिवस ओटा रिकामा दिसेल, अशी भीती वाटायची.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निदान पक्कं होतं: "बाहेरनं शे." आमच्याकडे बाहेरचं म्हणजे भूतबाधा. साक्रीकडच्या भगताकडे दोन खेपा झाल्या, लिंबं उतरवून झाली, मायच्या दंडात काळा दोरा आला. मी धुळ्यात कॉलेजला होते. मनाचेही डॉक्टर असतात, हे सांगून सांगून थकले. "मनी बायको येडी नही," म्हणून आबा उठून जायचे. मी मुळात तापट. एकदा ताट आपटलं. ताटाला पोचा आला, आबांवर काही परिणाम नाही.

शेवटी खोटं बोलले. माय अशक्त झालीय, सलाईन लावून आणू, म्हटलं. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. केसपेपरच्या खिडकीशी मी हळूच 'मनोविकार' म्हणाले, पण आबांचे कान तिखट. त्यांनी मायचा हात धरला, "चाल घर." तेवढ्यात खिडकीतला माणूस मान वर न करता खेकसला, "भरती, का बाहेरचं?"

आबा जागीच थिजले. "बाहेरनंच शे. तुमले कसं समजनं?"

"मग डावीकडे. पाटी आहे."

पाटीवर लिहिलं होतं, बाह्यरुग्ण विभाग. आबांनी चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं. बाह्य म्हणजे बाहेरचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. चेहरा उजळला. "देख, सरकारनी बी बाहेरनासाठे येगळं खातं काढेल शे!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात इतका शहाणपणा मी पुन्हा कधी केला नाही. माय शेजारीच उभी होती, पाटीकडे बघत, नेहमीसारखी गप्प.

आतली डॉक्टरीण माझ्याहून फार मोठी नसेल. आबांनी भगतापासून किल्ल्यापर्यंत सगळं सांगितलं, ती हसली नाही. दंडातल्या दोऱ्याकडे बघून म्हणाली, "हा राहू द्या. गोळी मात्र चुकवू नका."

मग दर महिन्याला एसटीनं धुळं. सुरुवातीला मायला नुसती झोप यायची, आबा दोनदा म्हणाले, बंद करू. पण खात्यावर त्यांचा विश्वास बसला होता. एका दुपारी मी घरी आले तर माय ओट्यावर, साखरेच्या पुडीचा कागद गुडघ्यावर सपाट करत बसलेली. ओठ हलत होते. मी भर गल्लीत रडले.

आबा तर प्रचारकच झाले. दोंडाईचाच्या बाजारात कुणी घरातल्याचं कुजबुजत सांगितलं, की हे मोठ्यानं म्हणायचे, "बाहेरनं शे ना? मंग धुयाले जाय. तठे खातं शे." मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शेंगा निवडता निवडता मात्र मायला सांगून टाकलं. बाह्यरुग्ण म्हणजे भरती न होता दाखवून जाणारा माणूस, आबांनी भलतंच वाचलं, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, ती हसेल.

तिनं मान वर केली नाही. "माले वाचता येस," म्हणाली. "त्या दिन बी येत व्हतं."

"मंग तू काब्र नही बोलनी?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"माले बी बरं व्हवानं व्हतं."