भावाची पहिली रायफल

माझा धाकटा भाऊ मला विचारल्याशिवाय साधा मिक्सरही घेत नाही. त्याच्या पहिल्या स्कूटरचा रंग मी ठरवला, त्याच्यासाठी मुलगी पाहायला आधी मी गेले. पुढे तो अमेरिकेत ह्यूस्टनच्या बाहेर घर घेऊन राहिला, मी नवऱ्याबरोबर सिंगापूरला येऊन बेडोकला स्थिरावले, तरी ही पद्धत काही मोडली नाही. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? तर एका सकाळी मी नोव्हेनाला ऑफिसात पोचून जेमतेम बसले होते, तोच त्याची मेल आली. ‘ताई, फाइल बघ आणि सांग.’ मला वाटलं, नवं वॉशिंग मशीन घेत असेल. मी फाइल उघडली.

आत रायफली होत्या. चांगल्या सहा, एकीखाली एक. वजन, नळीची लांबी, धक्का किती बसतो, साफ करायला सोपी की अवघड, सगळ्याला दहापैकी गुण दिलेले. इंजिनिअर माणूस, एक्सेलशिवाय त्याचं पान हलत नाही. शेवटचा रकाना ‘ताईचं मत’ असा होता आणि तो रिकामा होता.

माझं धाबंच दणाणलं. सिंगापुरात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. इथे घरात बंदूक असणं ही गोष्टच नाही, खिशात एखादं काडतूस सापडलं तरी माणूस आयुष्यातून उठेल. आणि मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सहा रायफली उघडून बसलेले! फाइल बंद केली, मेल पुसली, पुसलेली मेल पुन्हा जाऊन पुसली. दिवसभर आमचा कॉम्प्युटरवाला माझ्या टेबलाजवळून गेला की मी उगाच दुसरीच फाइल उघडून बसायचे. कामात दोन साध्या चुका केल्या, त्या वेगळ्याच.

घरी आल्यावर त्याला फोन लावून आधी यथेच्छ झापलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. त्यांच्या तीन घरं पलीकडे भरदिवसा चोर शिरले होते. मागचं दार फोडून आले. घरातली बाई न्हाणीघरात कडी लावून बसली आणि पोलिस येईपर्यंत तिथेच बसून राहिली. माझ्या भावाला महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर जावं लागे. मागे राहायच्या माझी भावजय आणि सहा वर्षांची भाची. म्हणून त्याला ही सेमी-ऑटोमॅटिक हवी होती. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते, पुन्हा भरत बसायला नको. हे तो मला इतक्या शांतपणे समजावत होता की मला जास्तच भीती वाटली.

मी नाही म्हणाले. नवरा म्हणाला, या भानगडीत तू पडूच नकोस. माझी मुलगी इथेच वाढलेली, तिने फोनमधून मान वर न करता इथल्या पोरांच्या ढंगात ‘मामा क्रेझी आहे लाह’ असा निकाल देऊन टाकला. मी मात्र तीन आठवडे रोज त्याच्याशी वाद घातला. कुत्रा पाळ, कुलपं बदल, घर बदल, काय वाट्टेल ते सुचवलं. शेवटी एकदा तो मला म्हणाला, “ताई, मी नसताना कोणी आत आलं तर तिने काय करायचं, एवढंच सांग. मग नाही घेत.”

आम्ही दाराबाहेर चपला, सायकल, कुंड्या बिनधास्त टाकणारी माणसं, मी त्याला काय सांगणार होते? बेडोकच्या मार्केटात दुधी निवडताना माझ्या डोक्यात ते फोडलेलं दार यायचं. भावजयीचं व्हॉट्सअॅपवर उशिरा उत्तर आलं तरी जीव टांगणीला लागायचा.

आणि मग मी माझ्या स्वभावावर गेले. वाद हरले की निर्णय आपल्या हातात घ्यायचा, ही माझी जुनी खोड. घ्यायचीच आहे ना, मग नीट तरी घे, असं म्हणून मी ती फाइल घरी पुन्हा मागवून घेतली. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात रस वाटायला लागला. त्याने सगळ्यात जास्त गुण एका जड, दुर्बीण लावलेल्या धुडाला दिले होते. मी त्याला चांगला फैलावर घेतला. अरे, तू तर घरी नसणार. वापरायची वेळ आली तर तुझी बायको वापरणार, आणि ती पाच फुटांची, वाऱ्याने उडेल अशी. त्या सहांत एक सगळ्यात हलकी होती. धक्का कमी, आणि तिचा दस्ता आत सरकवून लहान करता यायचा, म्हणजे आखूड हातांनाही चालावी. “हलकीच घे,” मी त्याला बजावलं. “तिला पेलली पाहिजे.”

त्याने तीच घेतली. सोबत एक लोखंडी कपाट घेतलं, त्याचा नंबर फक्त त्या दोघांना ठाऊक. पोरीच्या दृष्टीलाही ती पडणार नाही, अशी शपथ मी त्याच्याकडून घेतली आणि ती त्याने मनापासून घेतली. पुढचे काही महिने मी रोज एकदा तरी विचारायचे, कपाट लावलंय ना? तो वैतागायचा.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पाटावर मांडतात. कुंकू लावायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलीचा. आणि कुंकू लावून झालं की तिने प्रत्येक वस्तू एकदा चालवून दाखवायची. लहानपणी आईच्या शिलाई मशीनचं चाक मी असंच फिरवायचे, भाऊ रडायचा त्याला मिळत नाही म्हणून. भाचीला हे सगळं शिकवलं होतं मीच, व्हिडिओ कॉलवरून.

आमच्याकडे संध्याकाळचे आठ वाजले होते, त्यांच्याकडे सकाळ. मी जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून बसले. पाटावर लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली, भावाची हत्यारांची पेटी, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध झेंडूचा हार घातलेली ती. मी लगेच चिडले. भाऊ हसून म्हणाला, शस्त्रपूजेला शस्त्र कपाटात ठेवू का? गोळ्यांची मॅगझिन काढून त्याने वेगळी ठेवली होती, तीही मला दाखवली. खरं सांगते, दिसत छान होती. आमच्या घराण्यात शस्त्र म्हणजे आजवर विळीच, म्हणून थोडं कौतुकही वाटलं. मी इथून हात जोडले.

भाचीने परकर सावरत सगळ्यांना कुंकू लावलं. मग मिक्सर घुर्रकन फिरवला. लॅपटॉपचं एक बटण दाबलं. किल्लीचं बटण दाबल्यावर बाहेर गाडी ओरडली तेव्हा आम्ही सगळेच हसलो. भाऊ निरांजन पेटवायला पाठमोरा झाला. पोरीने मांडी घातली आणि रायफलीचा दस्ता उचलून मांडीवर घेतला. सहज उचलला तिने. न उचलायला काय झालं, मीच निवडलेली होती ती. नळी समोर, थेट माझ्याकडे, आणि बोट चापावर.

मी ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. मी वाकले. इथे बेडोकच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी टेबलाखाली शिरले, खुर्ची मागे आडवी झाली.

आवाज आला नाही. “आत्या, हे चालत नाहीये,” भाचीची कुरकुर ऐकू आली.

मी वर आले तेव्हा भावाने रायफल हिसकावली होती आणि तो सारखं म्हणत होता, चापाला लॉक आहे ताई, लॉक आहे, आणि रिकामीच आहे, ही बघ. मला दाखवायला त्याने गोळी चढवायचा खटका मागे ओढला. एक काडतूस उडून बाहेर पडलं आणि घरंगळत रांगोळीत जाऊन थांबलं. मॅगझिन त्याने काढली होती. आधीच नळीत चढलेली एक गोळी तशीच आत राहिली होती.

भाची काडतुसाकडे बघत होती. मग माझ्या टॅबवरचं ते सगळं चित्र, पाट, पोर, भाऊ, थरथर हलायला लागलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की तिकडचा फोन भावजयीने हातात धरला होता. मी टेबलाखाली शिरले होते. ती मला पूजा नीट दिसावी म्हणून नळीच्या अगदी समोर उभी होती.