गिरणीतली प्रार्थना

टेंभुर्णीत माझी पिठाची गिरणी आहे. आम्ही ख्रिस्ती. रोज प्रार्थना करावी असं मनापासून वाटायचं, पण सकाळी दार उघडलं की दळणाच्या डब्यांची रांग लागलेली. शेवटी मी गिरणी चालू असतानाच प्रार्थना करायला लागले. त्या धडधडाटात कुणाला काही ऐकू जात नसे, म्हणून मी चांगला घसा ताणून देवाशी बोलायचे. फार मजा यायची.

एकदा शेजारच्या मावशी बाजरी घेऊन आल्या आणि पीठ जाडं येतंय म्हणून कटकट करत उभ्या राहिल्या. मी ओरडून म्हणाले, "प्रभू येशू, या मावशींच्या..." आणि लाईट गेली. गिरणी थांबली, मी मात्र थांबले नाही. "जिभेला जरा आराम दे!" हे सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं.

मावशींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या गदगदा हसायला लागल्या.

"जिभेला काय बी झालेलं न्हाई," त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यासाठी माग की, बाई!"

मी पिठानं माखलेले हात जोडले. हसू काही आवरेना, तरी गुडघ्यासाठी मागितलं. मावशी मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या.