लिफ्टजवळची खुर्ची

हिरामावशी माणसाच्या नाकाखाली वाळका जवळा धरून त्याची तब्येत तपासायची. मी पनवेलच्या त्या हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात पडलो त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी एक पांढरी प्लास्टिकची आकृती माझ्यावर वाकली, झबल्यातून स्टीलची डबी काढली, तिचं झाकण उघडलं आणि माझा मास्क अर्धा मिनिट उचलून डबी नाकाला टेकवली. "आला का वास?"

"कसला?"

"मंग नाय आला. अरं, या डबीनी एसटीतली मानसं उतरतान! पडून ऱ्हा. मेला नायस, पन पुरता जिता पन नायस."

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्या कुठल्याही बोलण्यातलं निम्मं सोडून देऊन उरलेलं ऐकायची पद्धत आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तळोज्याच्या कारखान्यात पाळी सांभाळताना वेळ जायला मी थापा मारतो. पण ती डबी खरी होती. सातव्या दिवशी तिचा असा काही वास आला, की तो भिंत फोडून थेट उरणला पोचला असावा. मला रडू फुटलं. मावशी म्हणाली, "रडू नको, आता मोकला झालाय नाक, परत भरंल."

तिचं नाव हिराबाई. उरणकडच्या खाडीकाठची कोळीण. पंचवीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली. मग खाडीत मासळीपेक्षा कारखान्यांचं पाणी जास्त झालं, म्हणून ठेकेदारामार्फत या हॉस्पिटलात लागली. काम झाडू-पोछ्याचं, भांडी उचलण्याचं, पेशंटची कूस बदलण्याचं. वॉर्डातल्या अशा सगळ्या बायकांना मावशीच म्हणतात. हिला मात्र डॉक्टरही नावासकट हिरामावशी म्हणायचे.

बाजारातला तिचा पुकारा तिने वॉर्डात आणला होता. पापलेट, सुरमई, रावस, हलवा, कोळंबी, बोंबील, मांदेली, जवळा. ही आठ नावं एका दमात म्हणायची. कोण कुठवर पोचतो त्यावरून ती त्याची छाती ओळखायची. पहिल्या दिवशी मी 'पाप' म्हणालो आणि 'लेट'ला खोकला आला. पलीकडच्या पलंगावर संस्कृतचे निवृत्त मास्तर होते, जोशी. त्यांनी हात जोडून विचारलं, "मावशी, मी भाज्यांची नावं घेतली तर चालेल का?"

"भाजीला कुठं दम लागतो, मास्तर? भेंडी मेलेल्या मानसाला पन बोलता येते. तुमी मासलीच बोला. बोलल्यानी पोटात जात नाय."

मास्तर घरी गेले त्या दिवशी त्यांनी आठही नावं अशी खणखणीत म्हटली, की वॉर्डातले निम्मे पेशंट नमस्कार करून मोकळे झाले. (इथे थोडं सोडून द्या. तिघांनीच केला.) पालथं झोपायचा ज्यांना कंटाळा यायचा त्यांना ती दरडावायची, "एका बाजूनी किती शेकतो रं? पलट! तुकडा कच्चा ऱ्हायला तर गिऱ्हाईक परत आनतो." माणसं हसत हसत पालथी व्हायची, आणि ऑक्सिजन खरंच दोन आकडे चढायचा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मला सांगवत नाही, म्हणूनच सांगतो.

ऑक्सिजन मोजायचं ते बोटाला लावायचं चिमटं मावशीच्या बोटाला लागत नसे. वर्षानुवर्षं बर्फात हात आणि हातात कोयता. बोटं जाड, थंड, चामडीसारखी. चिमटं कधी नुसत्या रेघा दाखवी, कधी सत्तर. सत्तरच्या माणसाने जमिनीवर पडावं. ही दोन बादल्या घेऊन जिना चढायची. या भांडवलावर मी मजला बांधला. सांगितलं, की मावशीच्या बोटापायी चार चिमटी सेवानिवृत्त झाली. पाचव्यासाठी खास इंजिनियर आणला, त्याने चिमटं लावलं तर आतून आवाज आला, 'साहेब, मला दुसरीकडे बदली द्या.' वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या. मावशी स्वतः तर भिंतीला टेकून हसली. दोन दिवसांत ती थाप तळमजल्यावर पोचली, आणि कामावर येणाऱ्यांना दारात तपासणारा ठेकेदाराचा माणूस मावशी दिसली की चिमटं खिशातच ठेवून वहीत अठ्ठ्याण्णव लिहू लागला. मला हे कळलं तेव्हा मी काय केलं असेल? मला अभिमान वाटला! माझी थाप सरकारी दप्तरासारखी चालायला लागली म्हणून मी उशीवर रेलून मिशीला पीळ दिला.

एका डॉक्टरने मला पुढे सांगितलं, की असे हात दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचे, नाहीतर चिमटं कानाच्या पाळीला लावायचं. दोन मिनिटं! ती वॉर्डात दिवसाला शंभर माणसांचे पाय पुसत होती आणि तिचे हात कोमट पाण्यात बुडवायला त्या पाच मजली इमारतीत कोणाकडे दोन मिनिटं नव्हती.

मला घरी सोडायच्या सकाळी ती नेहमीसारखी आली. पुकारा सुरू केला. पापलेट, सुरमई, रावस... आणि थांबली. पलंगाचा दांडा धरला. मी ऐकलं. मी, ज्याला तिने पंधरा दिवस दमाचं गणित शिकवलं, मी हे स्वच्छ ऐकलं. आणि म्हणालो, "काय मावशी, हलवा आज बाजारात आला नाही का?"

ती हसली. हसतानाही तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. म्हणाली, "जा घरी. लय बोलतोस तू."

मी गेलो. करंजाड्याला जाऊन मटणाचा रस्सा प्यालो.

दोन दिवसांनी तिच्या मुलीचा फोन आला. दर्शना, कॉलेजात शिकणारी. माझा नंबर मावशीच्या फोनमध्ये 'थापाड्या' नावाने होता. "काका, आई कामावर चक्कर येऊन पडली. इथंच आहे, पण कोणी घेत नाही तिला." मी रिक्षा केली. मला नुकताच होऊन गेला होता, मला कोण अडवणार?

पहिल्या मजल्यावर लिफ्टजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यात हिरामावशी. शेजारी लहान सिलिंडर, मागे दर्शना, आईचं डोकं पोटाशी धरून उभी, कारण त्या खुर्चीला डोकं टेकायला जागा नव्हती. मावशीने मला पाहिलं. "मास्क... नाकावर... घे," म्हणाली. तीन शब्दांना तीन श्वास.

मी प्रशासकाच्या टेबलावर हात आपटला. ते थंडपणे म्हणाले, "काका, ती आमची कर्मचारी नाही. ठेकेदाराचं पत्र आणा, लगेच दाखल करतो." ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "कामावर आजारी पडली ना? मग ती हॉस्पिटलची. आम्ही पत्र दिलं तर ती आमची होते." म्हणजे काम करायला दोघांची, श्वास घ्यायला कोणाचीच नाही! मी ओरडलो, शिव्या दिल्या, माझ्या छातीत त्या वेळी जेवढी हवा होती ती सगळी त्या मजल्यावर खर्च केली. वॉर्डात डोकावलो तर एक पलंग रिकामा. त्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी. कोणासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. तो माणूस आलाच नाही.

मावशीने खुणेने मला बोलावलं. "नको... वराडू. वराडून... दम जातो."

सकाळी अकराला ती त्या खुर्चीत बसली. दुपारी साडेतीनला ड्युटी बदलली, तेव्हा नव्या पाळीच्या सिस्टरने कोणाला न विचारता ती चिठ्ठी फाडली आणि स्वतः चाकाची खुर्ची ढकलत मावशीला पलंगावर नेलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "एवढा उशीर का?" मावशी चौथ्या दिवशी गेली.

पुढच्या वर्षी एका सभागृहात योद्ध्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावर प्रशासक, शेजारी ठेकेदार, त्याच्या गळ्यात हार. मावशीचं सन्मानपत्र घ्यायला दर्शनाला बोलावलं होतं, पाचव्या रांगेत. आणि बरे झालेले पेशंट म्हणून जोशी मास्तरांना आणि मला. निवेदिका म्हणाली, "काका आपल्या खुसखुशीत शैलीत वॉर्डातले गमतीदार किस्से सांगतील."

मी माइक धरला. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका शब्दाचीही भर न घालता बोललो. वहीतलं अठ्ठ्याण्णव सांगितलं. ते का लिहिलं जाऊ लागलं, त्यात माझा वाटा काय, तेही सांगितलं. अकरा ते साडेतीन सांगितलं. रिकामा पलंग, चिठ्ठी, पत्र. आणि लोक हसले! मला ओळखणारे आधी हसले, त्यांचं पाहून बाकीचे. मागून कोणीतरी ओरडलं, "साडेचार तास? काका, निम्मं सोडून देऊ का?" ठेकेदार तर मांडीवर थाप मारून हसला. मी माइक खाली केला. माझ्याकडे त्याहून खरं असं काही नव्हतं.

तेव्हा पाचव्या रांगेत दर्शना उभी राहिली. एरवी ती आमच्याशी शहरातलं शुद्ध बोलायची. त्या दिवशी आईच्या बोलीत बोलली.

"हसू नका. त्या खुर्चीच्या मागं मी उबी व्हते. साडेचार तास. यांनी एक मिनिट वाढवला नाय."

ती प्रशासकांकडे वळली.

"साहेब, तुमी दोन वेला माझ्या बाजूनशी गेलाव. दुसऱ्या वेलेला मना बोललाव, जरा बाजूला व्हा, वाट अडते. आठवतं?"

प्रशासक माइककडे वाकले. "ताई, हा आनंदाचा कार्यक्रम आहे. आपण हे नंतर बोलू."

"बोला ना नंतर," दर्शना म्हणाली. "मी उबी हाय."

निवेदिकेने पुढचं नाव पुकारलं. ठेकेदाराचं. तो खुर्चीतून अर्धा उठला, तिच्याकडे पाहिलं आणि परत बसला. दर्शना उभीच होती. तिच्या शेजारची बाई उठून उभी राहिली, मग त्या रांगेतले जोशी मास्तर काठी टेकत उठले.