चुंबकाची भीती

एमआरआयच्या दाराबाहेर व्हीलचेअरवर बसलेल्या यांनी छातीवर हात घट्ट दाबून धरला होता. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवलेला. आता पाय लुळे पडत चालले, म्हणून मणक्याची तपासणी.

"एवढं मोठं चुंबक. आतली जाळी ओढली गेली तर गं?"

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी स्टेंटचं कार्ड नीट वाचलं. "काकू, हा स्टेंट या मशीनमध्ये चालतो. जागचा हलणार नाही."

तरी यांना आत नेल्यावर, मशीनचा तो धडधडाट ऐकत मी देवाला विनवत राहिले, यांचं हृदय तेवढं सांभाळ. भीती माणसाला एकाच दारावर पहाऱ्याला बसवते. बाकीचं घर उघडं पडलंय, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हे हसत बाहेर आले. मला मात्र आत बोलावलं. स्टेंटला काहीच झालं नव्हतं. मणक्यात गाठ होती, आणि ती पसरली होती.

मी बाहेर आले तेव्हा हे लेकीला फोनवर सांगत होते, "उगाच घाबरलो गं. सगळं नीट झालं. ही आलीच बघ, आईशी बोल."

मी फोन हातात घेतला.