डोणगावचा आवाज

फोन लेकीनं दिला. पुण्याहून दोन दिवस राहायला आली, दुसऱ्या दिवशी पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, आता तुला एकटं वाटणार नाही." मी एकटी नव्हते. तिचे वडील समोरच खाटेवर बसले होते. पण त्या दोन दिवसांत ते तिच्याशी चार वाक्यंही बोलले नव्हते, ते तिनं पाहिलं असणार.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बीटीचं बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता बोंडात अळी शिरायची नाही. बरीच वर्षं शिरलीही नाही. म्हणून आमच्या वरवट बकालला जिकडं पाहावं तिकडं कपाशीच. मग त्या साली हिरवंगार, टणक बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. ह्यांनी एक बोंड माझ्यासमोर नखानं उकललं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"मले का माहीत," हे म्हणाले.

दुकानदार एक सांगत होता, गावात आलेले साहेब दुसरं सांगत होते आणि बियाण्याच्या पाकिटावर तिसरंच छापलेलं होतं. ते पाकीट हे चष्मा लावून परत परत वाचायचे. शेवटी उभ्या कपाशीत गुरं सोडली आणि घरी येऊन बसले. पारावर जाणंही बंद केलं. तिथं गेलं की तेच बोलणं.

फोनमधलं मला काही कळेना. मी सातवी शिकलेली, वाचता येतं, पण अक्षरं बोटाखाली यायची नाहीत. 'क' दाबावा तर 'ख' उमटायचा. लेक म्हणाली, "लिहू नकोस. हे माइकचं चिन्ह दाबून धर आणि बोल. बोट उचललं की गेलं." कुठं गेलं, ते मात्र समजेना. पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या पोटाच्या तक्रारीचं सविस्तर वर्णन मी जावयाच्या घरच्या सगळ्या माणसांना पाठवलं. व्याह्यांनी त्यावर नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याचा अर्थ काय लावावा यावर आम्ही नवराबायको बराच वेळ बोललो. कित्येक दिवसांनी एवढं बोललो असू.

मला बोलायचं होतं ते वेगळ्याच माणसाशी. माझी लहानपणीची एक मैत्रीण होती, पिंजाऱ्याची मुलगी. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माहेरच्या घराला लागून त्यांचं घर. तिचे अब्बा गावभरच्या गाद्या-रजया भरायचे, आणि आमच्याकडं वेचणीच्या दिवसांत कापूस आढ्यापर्यंत साठलेला असायचा. आम्ही दोघी माळ्यावरून त्या ढिगात उड्या मारायचो. एकदा तिच्या कानातली चांदीची बाळी त्यात पडली. दोन दिवस शोधली, सापडली नाही. मार तिनं खाल्ला, आणि रडले मी. पुढं लग्न होऊन ती डोणगावला गेली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आईवडील होते तोवर ईदला यायची. ते गेल्यावर तिचे भाऊ धंद्यासाठी गुजरातेत गेले, घर विकलं आणि तिचं येणं संपलं. निरोप द्यायलाही कुणी उरलं नाही.

त्या हिवाळ्यात गल्लीत एक गादीवाला आला. मेहकरकडचा, म्हणजे डोणगावच्याच बाजूचा निघाला. मी तिच्या सासरचं आडनाव सांगून विचारलं तर म्हणाला, "घर माहीत आहे ना. थांबा." त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि एक नंबर मिळवून दिला. म्हणाला, "त्या घरातल्या बाईचा आहे." मी पुढं काही विचारलं नाही. विचारावं असं वाटलंच नाही.

दुपारी, हे झोपल्यावर, मी बटण दाबून धरलं. "मी बोलून राह्यली व, वरवटची. तुह्या शेजारची. ओळखलं का? तूच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आवाज जाडसर, थोडा घोगरा. "हाव, मीच. कशी आहे तू? लय दिवसानं आठवण केली."

मला तिचा आवाज आठवत होता तो वीस वर्षांच्या बाईचा. म्हातारपणी तो कसा होईल, हे मला कसं कळणार? माझाच आवाज फोनमध्ये ऐकला की कुणी परकी बाई बोलते आहे असं वाटायचं. मी त्या ढिगाची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत होती. माळ्याची तुटकी शिडी, माझ्या आजीचं ओरडणं, सगळं तिनं आपणहून सांगितलं. मी चुलीपुढं बसून ते तीनदा ऐकलं.

त्यानंतर रोजचंच झालं. दुपारी मी बोलायची, संध्याकाळी तिचं उत्तर यायचं. भाजी काय केली, गुडघा कोणता दुखतो, पोरं फोन करतात की नाही. तिकडंही कपाशीत तेच झालं होतं. हे खाटेवरून कान देऊन ऐकायचे. एकदा स्वतःच म्हणाले, "तुह्या मैतरणीले विचार, त्यायनं पऱ्हाटी उपटली का ठेवली?" मी विचारलं. तिनं सांगितलं, सगळी कपाशी उपटून बांधावर जाळली. मग ह्यांनी विचारलं, पुढच्या साली काय पेरणार? तिनं तिच्या मालकाला विचारून सांगितलं, सोयाबीन. असं करत करत हे दोन शेतकरी, एकमेकांना न पाहिलेले, आम्हा बायकांच्या तोंडून बोलायला लागले. सकाळी उठल्यावर हे मला विचारत, "आलं का काही डोणगावहून?"

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. मैत्रिणीला दह्याताकाचा वाससुद्धा चालत नसे. आमच्या घरी कढी झाली की ती नाक धरून पळायची. ही एकदा म्हणाली, "मी तं ताकाशिवाय जेवतच नाही." माणूस बदलतं, मी मनाशी म्हटलं. मग एकदा बोलता बोलता म्हणाली, "तुही बाळी हरपली होती ना त्या कापसात?"

"माही नाही, तुही," मी म्हटलं.

"नाही व. तुहीच होती."

मी दोन दिवस त्यावर विचार केला. माझ्या कानांना हात लावून पाहिला. बाळी तिची होती, मार तिनं खाल्ला होता. पण रडले मी होते, हे मला पक्कं आठवतं, मग मी का रडले? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी तवा कोठी होतो? वय झालं, दोघीयचंही." मला खरंच भीती वाटू लागली. गॅस चालू राहतो, चष्मा डोक्यावर असताना शोधते, ते ठीक. पण लहानपणचं विसरले तर मग माझ्याजवळ काय राहिलं?

लेकीनं फोनवरून समजावलं, "आई, व्हिडिओ कॉल कर ना. चेहरा पाहिलास की सगळं आठवेल." मी लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा वरचे पत्रे दिसले, ओढणीचं टोक दिसलं आणि बंद झाला. थोड्या वेळानं तिचा बोललेला निरोप आला, "कॅमेरा बिघडला व." नंतर चार दिवस काहीच आलं नाही. मी पाठवलेल्यावर दोन निळ्या खुणा दिसत होत्या. म्हणजे ऐकलं होतं.

"आजारी असन," हे म्हणाले. मग, "चाल, जाऊन येऊ. तसंही शेतात काय काम आहे."

सकाळच्या गाडीनं शेगाव, तिथून खामगाव, मग मेहकर, आणि मेहकरहून डोणगाव. चार एस.टी. बदलल्या. ह्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी शेवेचा डबा घेतला होता, कारण मैत्रिणीला आमच्याकडची शेव आवडायची. आता मला तेही खरं की खोटं, खात्री वाटेना.

घर लवकर सापडलं. दार उघडलं ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होती. उंच, सावळी. मैत्रीण गोरी आणि ठेंगणी. मी म्हटलं, "वरवटहून आलो. ती आहे का घरी?"

बाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "बसा आधी. पाणी पिऊन घ्या."

तोच आवाज. घोगरा, जाडसर. मी उंबऱ्याशीच उभी राहिले.

"तुमी कोण?"

"मी तिची देवरानी. तिच्या लहान दिराची बायको." आणि मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून, "ती नाही आता, बाई. पाच-सहा सालं झाले. कावीळ झाली होती."

ह्यांनी माझं कोपर धरलं. मी बसले. मला रडू आलं नाही. मी हिशोब लावत होते की मग मागच्या आठवड्यात गुडघ्याला तेल लाव असं मला कोण म्हणालं. समोरची बाई म्हणाली होती. तिच्याकडं पाहून ते खरं वाटत नव्हतं.

"मंग हाव काऊन म्हणलं?" मी विचारलं.

"पह्यल्या दिवशी तुमी म्हणलं, तूच का. मले वाटलं, माह्या माहेरचं कोणी आहे. तिकडंही एक वरवट आहे. दुसऱ्या दिवशी तुमी कापसाच्या ढिगाचं सांगतलं, तवा समजलं." ती खाली पाहत होती. "तवाच सांगाले पायजे होतं. ते ढिगाचं ती मले लय वेळा सांगे. आमी दोघी वीस सालं एका चुलीवर होतो. ती गेल्यावर ते कोणी बोललंच नाही. तुमी बोलल्या. मंग म्या म्हणलं, उद्या सांगू. उद्या सांगू."

मी तिला काय बोलायला हवं होतं, मला अजूनही ठरवता येत नाही. राग आला होता, पण तो नक्की कुठं ठेवावा, कळत नव्हतं. खोटं बोलली म्हणावं, तर तिनं सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पहिल्या 'हाव'शिवाय आणि त्या बिघडलेल्या कॅमेऱ्याशिवाय. आणि मी विचारलं ते हेच, "बाळी कोणाची होती?"

"ती तं तुमचीच म्हणे. म्हणे, माह्या मैतरणीची बाळी हरपली आन् मार म्या खाल्ला."

म्हणजे ती चूक हिची नव्हती. मैत्रिणीनंच तसं सांगितलं होतं, वर्षानुवर्षं. आता विचारायला ती नव्हती. आमच्या दोघींपैकी कुणाला चुकीचं आठवत होतं, ते मला कधीच समजणार नाही.

संध्याकाळी तिचा मालक शेतावरून आला. तो आणि हे लगेच ओळख असल्यासारखे बोलू लागले. सोयाबीनवरून सुरू झाले ते थांबेनात. मग तो ह्यांना कब्रस्तानात घेऊन गेला. बायकांनी आत जायची तिथं रीत नाही, म्हणून आम्ही दोघी बाहेर रस्त्यावर उभ्या राहिलो. फोनवर रोज बोलणाऱ्या आम्ही, समोरासमोर एक वाक्य सुचेना. हे परत आले आणि चप्पल घालत म्हणाले, "नीट आहे जागा. लिंबाचं झाड आहे वर." तेव्हा मला रडू आलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकलाही नाही आणि धरलाही नाही.

रात्रीचा मुक्काम करून आम्ही परतलो. लेक ऐकून चिडली. "आई, तो नंबर ब्लॉक कर. असल्या लोकांचा काय भरवसा?" ब्लॉक म्हणजे काय ते तिनं समजावून सांगितलं. मी केलं नाही; करता आलं नाही म्हटलं तरी चालेल. पण बोललेही नाही. तीन आठवडे गेले. तिकडूनही काही आलं नाही. हे रोज फोनकडं पाहायचे, विचारायचे नाहीत, आणि पुन्हा खाटेवर बसायला लागले होते.

मग एका दुपारी मी बटण दाबलं. पहिला शब्दच अडला. तू म्हणू की तुम्ही? मैत्रिणीला मी तू म्हणत होते, आणि इतके दिवस हिलाच तू म्हणत होते. बोट दाबलेलंच राहिलं आणि नुसता माझा श्वास गेला. अर्ध्या तासात उत्तर आलं, "बाई, आवाज आला नाही. परत बोला."

"तूर सोंगली का?" मी कापणीचं विचारलं. त्या वाक्यात तू किंवा तुम्ही काहीच लागत नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं चालू आहे, दुपारी मी आणि संध्याकाळी ती. व्हिडिओवरही दिसते कधी कधी. तेव्हा आम्ही भाजीपाल्याचं बोलतो, भावकीचं बोलतो. मैत्रिणीच्या शेवटच्या दिवसांचं तिनं मला थोडं थोडं करून सांगितलं, मी तिला लग्नाआधीचं सांगितलं. काही दिवशी मी जे बोलते ते मेलेल्या मैत्रिणीला उद्देशून असतं, आणि उत्तर ही देते, आणि ते उत्तर मला पटतं. हे बरोबर आहे का, मला माहीत नाही. मागच्या वेळी लेक आली तेव्हा फोन वाजला. तिनं विचारलं, "कोण गं?"

"डोणगावची," मी म्हटलं.

"डोणगावची म्हणजे कोण तुझी?"

मी फोन घेऊन अंगणात गेले. लेकीला म्हटलं, सांगते थोड्या वेळानं.